भट्टीचा परवाना आणि खुंटीवरची माळ

आमच्या घराचं मागचं दार बुजवलं ते दारूबंदीच्या साहेबांनी सांगितलं म्हणून. दार काही मोठं नव्हतं. पत्र्याचं, एका झडपेचं, खालून गंजलेलं. पण त्याचा उंबरा ओलांडला की मी थेट हॉटेलच्या चुलीपाशी पोहोचत होते. सकाळी भाकरीचं कळण्याचं पीठ परातीत घेऊन मी तिथूनच जायची आणि दुपारी आमच्या मुलीच्या बाबांचं ताट झाकून तिथूनच परत यायची.

हॉटेल माझ्या जेठांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं. मोताळ्याच्या बाहेर, बुलढाण्याच्या रस्त्याला. घाट उतरून आलेले ट्रकवाले आमच्याकडे शेवभाजी आणि भाकरी खायला थांबतात. पुढे फॅमिलीवाल्यांची बसायची जागा, बाजूला परमिट रूम, मागे स्वयंपाक आणि त्याच्या मागे आमच्या दोन खोल्या. मी आणि जाऊबाई स्वयंपाक सांभाळायचो. मुलीचे बाबा बाजार आणायचे, लाकडं आणायचे, हिशेबात कधी नव्हते. आमची मुलगी लग्न होऊन सुलतानपूरकडे गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

जेठांना कुठून तरी कळलं की मोहाच्या फुलांची दारू आता परवाना काढून गाळता येते, आणि हॉटेलला लागून लहानशी भट्टी टाकता येते. पुण्याचा एक माणूस यायला लागला. तो परवान्याचे कागद करून द्यायचा आणि दारू कशी गाळायची तेही शिकवायचा. तो म्हणायचा, लोक मुंबई-पुण्याहून गाड्या घेऊन येतील, काचेतून तांब्याचं भांडं बघतील आणि मग जेवायला बसतील. जाऊबाई म्हणाल्या, "पाहासाठी येतील का मोताळ्याले? इथं तं इथलेच थांबत नाहीत." तरी कागद सुरू झाले.

कार्यालयाच्या पाटीवर राज्य उत्पादन शुल्क असं लिहिलेलं असतं, तरी आमच्याकडे सगळे अजून दारूबंदीचे साहेबच म्हणतात. दारूची परवानगी द्यायला दारूबंदीचे साहेब येतात, याचं कुणाला काही वाटत नाही. हे साहेब सरळ होते. चहासुद्धा बाहेर उभं राहून घेतला. भट्टीसाठी स्वयंपाकघरातून आमच्या भिंतीकडचा भाग काढला होता, ती जागा त्यांनी पाहिली आणि आमच्या दारापाशी थांबले. मी आत पडद्यामागे होते.

"हे घर कोणाचं?"

"लहान्या भावाचं. आपल्याच जागेत हाय," जेठ म्हणाले.

"राहतात इथे?"

"राह्यतात म्हणजे झोपाले येतात. दिवसभर तं हॉटेलातच असतात."

"मग चालणार नाही. दारू गाळायच्या जागेला राहतं घर लागून, आणि त्याला आतून दार. मध्ये भिंत घ्या."

"दाराले कुलूप लावून टाकतो साहेब."

"कुलूप उघडतं. भिंत उघडत नाही."

मग गवंडी आला. त्याला दोन कामं होती. एक आमचं दार, दुसरं हॉटेलचं फाटक. मारुतीच्या देवळापासून फाटकापर्यंत टेप लावून अंतर मोजलं होतं, ते नियमापेक्षा कमी भरत होतं. गवंडी म्हणाला, "मारुती काही सरकत नाही भाऊ. फाटकच सरकवा." फाटक दुसऱ्या टोकाला गेलं. अंतर बरोबर झालं. देऊळ होतं तिथेच राहिलं आणि आम्हीही.

भिंत झाल्यावर मला चुलीपाशी जायला घरातून बाहेर पडून, रस्त्याच्या कडेने, अख्ख्या हॉटेलला वळसा घालून जावं लागायचं. पिठाची परात डोक्यावर घेऊन त्या रस्त्याने जाताना ट्रकवाले बघायचे. मला ते आवडायचं नाही. जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "चाल थोडी. गुडघे मोकळे राह्यतात."

पुण्याचा माणूस जेवताना जेठांना नियम समजावून सांगायचा, आणि आम्ही वाढता वाढता ऐकायचो. भट्टीच्या खोलीला एकच दार पाहिजे. त्या दाराला दोन कुलपं, एक सरकारचं, एक आपलं. खोलीतून हॉटेलात जायला रस्ता नको. भट्टीची बाटली थेट टेबलावर नेता येणार नाही, तिचा कर भरायचा, शिक्का लागायचा, पास निघायचा आणि मगच ती विकायची. जेठ म्हणाले, "म्हणजे भितीपलीकडची बाटली भितीअलीकडे याले बुलढाण्याहून येईन." पुण्याचा माणूस म्हणाला, "कागदाने, हो." सगळे हसले. मुलीचे बाबाही हसले. ते त्या वेळी दारापाशी बसून लसूण सोलत होते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

माळेचं सांगावं लागेल.

आमची मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराची गोष्ट. तेव्हा ते रोज प्यायचे. मला ते दारातच कळायचं, वास यायचा. आणि वासाच्याही आधी एक गोष्ट कळायची. पिऊन आले की ते माझ्याशी फार चांगलं बोलायचे. चप्पल काढायचे, भिंतीला टेकायचे आणि विचारायचे, "जेवली का वं?" न पिता त्यांनी मला हे कधी विचारलं नाही. आमच्याकडे पुरुष बायकोला असं विचारत नाहीत. जेवली असेल, नसेल, ते तिचं ती बघते. म्हणून ते वाक्य ऐकलं की मी मुलीला उचलून शेजारी देऊन यायची, कारण चांगलं बोलणं जास्त वेळ टिकायचं नाही. पुढे काय व्हायचं ते मी लिहीत नाही.

मग त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मला आणि जेठांना समोर बसवून सांगितलं की आता दारू पोटात गेली तर माणूस राहणार नाही. उपचार नाही, औषध नाही, फक्त हेच. घरी आल्यावर त्यांनी गावच्या कीर्तनकार महाराजांकडून माळ घातली. दारू सुटली, मटण सुटलं. त्यांचं बोलणंही सुटलं म्हणा. घरात ते मुकाट असायचे. जेवली का असं एकदाही विचारलं नाही, आणि मी सुखी होते. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, त्यांनी मांडवात स्वतः फिरून पंगत वाढली. जेठांनी इतक्या वर्षांत त्यांना परमिट रूमकडे एकदाही पाठवलं नाही. बर्फ आणायचा असला तरी दुसऱ्याला सांगायचे. एवढं भावाचं भावाने जपलं.

त्याच जेठांनी भट्टीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

झालं असं की भट्टीच्या खोलीत काम करणाऱ्याच्या नावाने सरकारचा कागद लागतो. त्याला नोकरनामा म्हणतात. त्यावर फोटो असतो, आणि ज्याचा नोकरनामा तोच माणूस त्या खोलीत हात लावू शकतो. आत जेवढं गाळलं तेवढं मोजलं जातं, आणि मोजणीत घट आली की परवान्यावर बालंट येतं. परमिट रूमची दोन्ही पोरं अधूनमधून बाटलीतून चाखतात हे जेठांना ठाऊक होतं. म्हणून एके दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "नोकरनामा ह्याच्या नावानं काढू."

मुलीच्या बाबांचा हात ताटातच थांबला. "माह्या?"

"तुह्या. माळकरी माणूस. त्याच्या हातात किल्ली देली म्हणजे तिजोरीत ठेवल्यावानी."

पुण्याच्या माणसालाही ते पटलं. तो म्हणाला, जो पीत नाही तोच भट्टीवर चांगला.

आमच्याकडे कुणीही असंच म्हटलं असतं. दुधाची राखण मांजराला देऊ नये, हे सगळ्यांना कळतं. पण ज्या मांजराने दूध सोडलं आहे त्याला राखणीला बसवायचं की नाही, याचा विचार कुणी करत नाही.

मी भाकरी थापत त्यांच्याकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. घरात कधी कुणी त्यांना कसली किल्ली दिली नव्हती. तरुणपणी जे केलं त्याने त्यांचा शब्द गेला होता, आणि इतकी वर्षं माळ घालूनही तो कुणी परत दिला नव्हता. आज भावाने सगळ्यांदेखत दिला. मला काय वाटलं ते मला तिथे बोलता येण्यासारखं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी जेठांशी समोरासमोर बोललेले नाही. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही, काही सांगायचं असलं तर जावेला सांगते आणि जाऊ पुढे सांगते. जेठही तसंच उत्तर देतात, जावेकडे बघून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ताटं उचलल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, "बाई, तेवढं सांगा त्यायले. यायले त्या खोलीत नका पाठवू म्हणा."

"काऊन वं? गळ्यात माळ हाय ना."

"माळ हाय म्हणूनच."

"लोकायच्या बायका नवऱ्याले काम भेटलं तं पेढे वाटतात. तू काऊन तोंड पाडून राह्यली?"

"सांगा फक्त."

"सांगीन मी."

दुसऱ्या दिवशी जेठ अंगणात उभे राहून जाऊबाईंना मोठ्याने म्हणाले, "तिले सांग, आत गरमी होते तं पंखा लावून देतो. लाकडं घालाले दुसरा माणूस ठेवतो. ह्याले फक्त पाह्यचं काम."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. जेठ गेल्यावर खाली मान घालूनच म्हणाल्या, "सख्ख्या भावाबद्दल कसं सांगू, तो पेईन म्हणून? त्यायच्या जिवाले लागलं असतं. गरमीचं सांगतलं मी." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित गरमीचंच सांगितलं असतं.

नोकरनाम्यासाठी ते बुलढाण्याला फोटो काढायला गेले. दाढी केली, मुलीच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला. फोटो चांगला आला. घरी आल्यावर माझ्यासमोर धरला आणि पुन्हा खिशात ठेवला.

मोहाची फुलं पोत्यांतून आली, सातपुड्याच्या पायथ्याकडून. वाळलेली, मनुकांसारखी. ती भिजत घातली की दोन-तीन दिवसांत वास उठतो. गोड, आंबट, नाकात बसणारा. सरकारने दार बुजवलं, पण भिंत पत्र्यापर्यंत नेली नव्हती, हवेसाठी वर मोकळी जागा ठेवली होती. तिथून वास आमच्या खोल्यांत यायचा. भट्टी पेटली तेव्हापासून तो गेलाच नाही. गोधडीला तो वास, पिठाला तो वास, माझ्या केसांना तो वास. मुलगी एकदा येऊन गेली, म्हणाली, "आई, तुह्या लुगड्याले दारूचा वास येते." मी लुगडं दोनदा धुतलं. वाळत घातलं तर पुन्हा तसंच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मला दारात उभं राहून काही कळणार नाही. इतकी वर्षं माझ्याजवळ तेवढं एक होतं, माझं नाक. ते गेलं.

पहिल्याच दिवशी कामावर जाताना त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि आतल्या खोलीत खुंटीला अडकवली. मी विचारलं, "काढली?"

"मंग काय दारूच्या वासात घेऊन जाऊ? पाप लागते."

संध्याकाळी आले, डोक्यावरून आंघोळ केली, आणि माळ पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी तसंच. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, किती करतो देवाचं. जेठही म्हणाले, बरोबर करते तो. मी लहानपणापासून माळकरी पाहिले आहेत. ते आंघोळीलाही माळ काढत नाहीत. माळ निघते ती माणूस गेल्यावर. पण हे मी कुणाला सांगणार? ते देवाचा मान ठेवायला माळ काढत होते, त्यात चूक काय दाखवणार? दिवसभर माळ खुंटीवर असायची, आणि ते भिंतीपलीकडे असायचे.

भट्टीच्या दाराबाहेर पाटी होती, परवानगीशिवाय आत प्रवेश करू नये. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. मी कधी आत गेले नाही. पण भिंतीवरून वास येतो तसा आवाजही यायचा. दुपारी हॉटेलचं काम आटोपून मी खोलीत पडले की पलीकडचं सगळं ऐकू यायचं. भांड्याखालची लाकडं सरकवल्याचं, नळीतून थेंब पडल्याचं, त्यांच्या खोकल्याचं.

गाळताना पहिली धार फेकून द्यायची असते, ती विषासारखी. मधली ठेवायची. शेवटची पुन्हा भांड्यात घालायची. पहिली कुठे संपली आणि मधली कुठे सुरू झाली, हे जिभेवर एक थेंब ठेवून कळतं आणि तो थेंब थुंकून टाकायचा, असं पुण्याच्या माणसाने शिकवलं. मुलीचे बाबा म्हणाले, "मी जिभेले लावणार नाही. नाकानं सांगतो." आणि त्यांनी नाकाने सांगितलं.

"काका, चांगलं कळतं तुम्हाला," पुण्याचा माणूस म्हणाला.

"त्याचा अभ्यास जुना हाय," जेठ म्हणाले.

पलीकडे मोठ्याने हसणं झालं. मी अलीकडे पडून होते.

बरेच दिवस नाकावर चाललं. मग एका खेपेला पहिली धार मिसळली गेली. नेहमीचं एक गिऱ्हाईक ओकलं, त्याचं डोकं दोन दिवस दुखलं. जेठ घाबरले. कुणाचे डोळे गेले, कुणी मेलं तर परवाना जाईल आणि तुरुंगही होईल. पुण्याच्या माणसाने फोनवर सांगितलं की नाकावर सोडू नका, जिभेवर घ्यायलाच लावा. संध्याकाळी जेठांचा आवाज भिंतीवरून आला.

"जिभेवर ठेव अन् थुंक. पोटात थोडीच जाते?"

"नको भाऊ."

"काऊन नको? माळ तं तू काढूनच ठेवतो."

पलीकडे लाकडं सरकवल्याचा आवाज आला.

त्यानंतर रोज दुपारी मला एक नवा आवाज ऐकू यायचा. आधी शांत, मग थू, मग पाण्याची चूळ, मग पुन्हा थू. मी त्या आवाजाची वाट बघायला लागले. गोधडीवर डोळे मिटून पडायची, पण झोप नसायची. थुंकल्याचा आवाज आला की कूस बदलायची. असे कितीतरी दिवस गेले. ते थुंकत होते. माझ्या मनात यायचं की हा माणूस मला वाटतो त्यापेक्षा खंबीर आहे. आजही मी म्हणेन, ते खंबीर होते. रोज तोंडात घेऊन रोज थुंकणं हे न पिण्यापेक्षा अवघड आहे.

एका दुपारी सगळं नेहमीसारखं झालं. लाकडं सरकली, थेंब पडायला लागले. मग शांत झालं. मी वाट बघितली. थुंकल्याचा आवाज आला नाही. चूळ भरल्याचाही नाही. मी उठून बसले. भिंतीला कान लावला. थेंब पडत होते तेवढेच.

थोड्या वेळाने ते जेवायला घरी आले. वळसा घालून यावं लागायचं, म्हणून मी ताट वाढून तयार ठेवलं होतं. त्यांनी चप्पल काढली. वासाचं काय, वास तर सगळीकडेच होता. ते आत आले, भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"जेवली का वं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "जेवली." मी जेवले नव्हते. ते जेवून, हात धुऊन परत गेले. खुंटीवर माळ होती.

मी डोक्यावर पदर घेतला आणि रस्त्याने वळसा घालून हॉटेलात गेले. जेठ गल्ल्यावर बसले होते. जाऊबाई शेजारी कोथिंबीर निवडत होत्या. दोन-चार गिऱ्हाइकं जेवत होती. मी जेठांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची ते मला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"ते पेऊन राह्यले."

जेठ आधी जाऊबाईंकडे बघायला लागले, मी त्यांच्यामार्फत बोलले असेन असं समजून. मग माझ्याकडे बघितलं. "कोणी सांगतलं?"

"त्यायनं मले इचारलं, जेवली का म्हणून."

जेठ हसले. "अवं, नवऱ्यानं बायकोले जेवली का म्हणून इचारलं, तं तो पेलेला असते का? मंग तं अख्खं पुणं पेलेलं हाय."

जवळच्या टेबलावरचा एक जण हसला. कुणीतरी म्हणालं, "माह्या बायकोनं आयकलं तं रोज पाजीन मले." सगळे हसायला लागले. मी उभीच होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण मी गेले नाही.

जाऊबाई हसत नव्हत्या. ते रोज प्यायचे त्या दिवसांत मी मुलगी शेजारी त्यांच्याकडेच देऊन यायची, आणि काय ऐकून आले तेही सांगायची. त्यांनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि जेठांना म्हणाल्या, "नका हासू. खरं हाय तिचं."

जेठांचं हसणं गेलं. ते उठून भट्टीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. खुर्चीत बसले, आणि बराच वेळ गल्ल्याच्या फळीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी माझ्याशी बोलायचं ते जाऊबाईंकडे बघून सांगितलं, नेहमीसारखं.

"तिले सांग, आज नाव काढाचं म्हणलं तं कारण लिहून द्या लागते. काय लिहू? नोकर पेतो म्हणून? मोजणीत घट येऊन राह्यली म्हणून? मंग परवाना राह्यते का? मार्चमध्ये परवाना नवा होते. तवा नाव बदलू. तोवर मी सोता लक्ष ठेवतो."

"तोवर काय होईन?" मी म्हटलं.

ते गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. जाऊबाईंनी कोथिंबिरीची जुडी उचलली.

लक्ष त्यांनी ठेवलं, हे खरं. रोज दोनदा भट्टीत डोकावायचे. पण आत ज्याच्या नावाचा कागद आहे तोच राहतो, बाकीचे बाहेर. नियमच तसा होता. मी घरी ताट वाढायची. ते यायचे आणि विचारायचे. रोज विचारायचे. मला मारलं नाही या खेपेला, आवाजही चढवला नाही. तेवढी ताकद राहिली नव्हती. माळ संध्याकाळी घालणं आधी एक दिवस राहिलं, मग दोन, मग तिच्यावर धूळ बसली.

मार्च येण्याआधीच त्यांचे पाय सुजले. डोळे पिवळे झाले. बुलढाण्याचे डॉक्टर आता दुसरे आहेत, तरुण आहेत. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून पितात. जेठ माझ्याकडे बघायला लागले. मला तो दिवस माहीत होता, पण दिवस सांगून काय होणार. मी म्हटलं, "बंद होती. मंग सुरू झाली." डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं आणि घरी न्यायला सांगितलं. जेठ बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. खर्च सगळा त्यांनीच केला.

आता नोकरनामा दुसऱ्याच्या नावावर आहे, रोहिणखेडकडच्या एका माणसाच्या. तो पितो. सगळ्यांना ठाऊक आहे की तो पितो, म्हणून त्याच्यावर नजर असते, आणि मोजणी बरोबर येते. पुण्याच्या माणसाने सांगितलेल्या गाड्या अधूनमधून येतात. लोक काचेतून भांड्याचे फोटो काढतात आणि माझ्या भाकरीचेही काढतात. मुलीच्या बाबांचा नोकरनाम्यावरचा फोटो जेठांनी मला आणून दिला. दाढी केलेला, पांढऱ्या शर्टातला. मुलीने तो हातात घेतला आणि म्हणाली, हाच चांगला हाय, हा ठेव. कशासाठी ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

ते खाटेवर असतात. खाट मी भिंतीपासून लांब ओढली, पण खोली लहान आहे, किती लांब ओढणार. पलीकडे दुपारी थेंब पडतात. नवा माणूस चूळ भरतो, थुंकतो. ते छताकडे बघत ऐकतात. मी एकदा माळ पुसून घेतली आणि विचारलं, "घालू का?" ते म्हणाले, "राहू दे." मी ती परत खुंटीला लावली.

परवा दुपारी मी हॉटेलातून आले. त्यांचं अंग पुसलं, पेज भरवली, दोन चमचे गेली. मी भांडं घेऊन उठत होते तेव्हा ते म्हणाले,

"जेवली का वं?"

मी भांडं खाली ठेवलं. उशीखाली हात घातला. गोधडी उचलून बघितली. खाटेखाली वाकले, पत्र्याच्या पेटीमागे बघितलं, पाण्याच्या माठातही बघितलं. त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. वास होता तोच, जो सगळ्या घराला आहे. कुणी आलं-गेलं नव्हतं. त्यांना उठून बसताही येत नाही.

ते माझ्याकडे बघत होते, मी काय शोधते ते त्यांना कळत होतं.

"नाही जेवली," मी म्हटलं.

मग मी ताट वाढून घेतलं, सकाळची भाकरी आणि ठेचा, आणि खाटेजवळ खाली बसून, त्यांना दिसेल असं, सगळं जेवले.